संग्रहालयाने टाळलं, विद्यापीठाने उचललं : हिरोशिमा शिकवण्याचं एक अमेरिकी प्रकरण

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव मायकल हेमन यांनी ३० जानेवारी १९९५ रोजी हिरोशिमावरच्या अणुबॉम्बविषयीचं एक प्रदर्शन रद्द केलं. प्रदर्शन अजून लागलंही नव्हतं. नुसता त्याचा मजकूर फिरत होता आणि तेवढ्यावर वर्षभर रान उठलं होतं. त्याच वर्षी जुलैत, त्याच शहरातल्या अमेरिकन युनिव्हर्सिटी या खासगी विद्यापीठात हिरोशिमा-नागासाकीहून आणलेल्या वस्तू मांडल्या गेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात तिथले विद्यार्थी थेट त्या शहरांत पोहोचले. पुढे तो दरवर्षीचा अभ्यासक्रम झाला.

अण्वस्त्रं आणि त्यांच्या माऱ्यातून वाचलेली माणसं, म्हणजे हिबाकुशा, हा विषय विद्यापीठात शिकवायचा कसा, हे समजून घ्यायला मला हे प्रकरण फार उपयोगाचं वाटतं. शांतता-शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कागदी करकोचे, मेणबत्त्या आणि निबंधस्पर्धा येतात. इथे सुरुवातच भांडणातून झाली. आणि अभ्यासक्रम टिकला, तो ते भांडण मिटवायच्या फंदात न पडल्यामुळे, असं माझं मत आहे.

आधी संग्रहालयात काय झालं

हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे' हे बी-२९ जातीचं विमान कित्येक वर्षं सुट्या भागांत धूळ खात पडलं होतं. १९८४ च्या अखेरीस त्याची दुरुस्ती सुरू झाली. १९९५ मध्ये बॉम्बहल्ल्याला ५० वर्षं पूर्ण होणार होती. तो मुहूर्त साधून विमानाचा पुढचा भाग स्मिथसोनियनच्याच राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात ठेवायचा आणि त्याच्याभोवती बॉम्ब टाकण्याच्या निर्णयाचा, त्याच्या परिणामांचा आणि पुढच्या शीतयुद्धाचा इतिहास मांडायचा, असा बेत होता. संचालक मार्टिन हारविट मूळचे खगोलभौतिकीचे प्राध्यापक, जन्म प्रागचा. तरुणपणी अमेरिकी सैन्यात असताना पॅसिफिकमधल्या अणुचाचण्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या, त्यामुळे विषय त्यांना परका नव्हता.

जपानकडून मागवायच्या वस्तूंत एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता. आतल्या भाताचा आणि मटारांचा जळून कोळसा झालेला. एकीकडे विमानाचं चकचकीत धूड आणि दुसरीकडे हा वीतभर डबा. बघणाऱ्याची नजर कुठे थांबेल, हे विरोधकांनी बरोबर ओळखलं होतं.

१९९४ च्या वसंतात एअर फोर्स असोसिएशनच्या मासिकाने मजकुरावर तोफ डागली. जपानी जखमी-मृतांचे फोटो किती आणि अमेरिकनांचे किती, अशी मोजदाद छापून आली. मजकुरातलं एक वाक्य तर जिकडे तिकडे फिरलं : बहुतेक अमेरिकनांसाठी हे सूडाचं युद्ध होतं आणि बहुतेक जपान्यांसाठी पाश्चात्त्य साम्राज्यशाहीपासून आपली संस्कृती वाचवण्याचं. त्याच्या अगदी शेजारी जपानच्या आक्रमणाबद्दल आणि क्रौर्याबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिलेलं होतं, ते उद्धृत करणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळलं. पण ते मान्य करूनही मला ते वाक्य वाईटच वाटतं. कोट्यवधी माणसांच्या मनातलं युद्ध एकेका ओळीत कोंबलं की विरोधकाच्या हातात आपण होऊन काठी जाते. सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटने एकमताने ठराव करून हा मजकूर आक्षेपार्ह ठरवला.

त्यानंतर मजकूर पुन्हा पुन्हा लिहिला गेला, आणि शेवटी सगळं फिसकटलं ते एका आकड्यावरून. जपानच्या भूमीवर सैन्य उतरवावं लागलं असतं तर किती अमेरिकन मेले किंवा जखमी झाले असते? माजी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये एका मासिकातल्या लेखात दहा लाखांहून जास्त मृत-जखमींचा अंदाज दिला होता. तो आकडा अमेरिकेत घरोघरी रुजला. संग्रहालयाच्या सुधारित मजकुरात क्यूशू बेटावरच्या चढाईसाठी याहून बराच कमी, दोन लाखांच्या वरचा आकडा होता. जानेवारी १९९५ मध्ये स्टॅनफर्डचे इतिहासकार बार्टन बर्नस्टीन यांनी हारविट यांना एक नोंद दाखवली. १८ जून १९४५ ला व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली, तिच्याबद्दल अध्यक्षांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की १,९०,००० लढाऊ सैनिकांपैकी ६३,००० हून अधिक मृत-जखमी होणार नाहीत, असं लष्करप्रमुख जनरल मार्शल यांचं मत आहे. हारविट यांनी आकडा बदलायचं ठरवलं आणि अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेला तसं पत्राने कळवलं. संघटनेने मग प्रदर्शनच रद्द करा, अशी मागणी केली. ८१ लोकप्रतिनिधींनी हारविट यांना काढण्याची मागणी केली. महिनाअखेर प्रदर्शन गेलं, २ मे रोजी हारविट यांनी राजीनामा दिला, आणि २८ जूनला विमानाचा पुढचा भाग, त्याच्या दुरुस्तीची माहिती आणि विमानातल्या माणसांची चित्रफीत एवढंच लोकांसमोर आलं. डबा आलाच नाही.

इथे माजी सैनिकांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण १९४५ मध्ये विशीत असलेला, क्यूशूच्या चढाईसाठी नाव लागलेला सैनिक विचारात घ्या. बॉम्बमुळे आपण घरी परतलो, लग्न केलं, नातवंडं बघितली, असं तो ५० वर्षं मानत आलेला. त्याला एका रोजनिशीतली ओळ दाखवून 'तुमचा हिशेब चुकला' म्हणायचं, तेही त्याच्याच गौरवाच्या वर्षी आणि त्याच्याच करातून चालणाऱ्या इमारतीत. संग्रहालयाने श्रद्धांजली आणि चिकित्सा एकाच मांडवात बसवायचा घाट घातला होता. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, पैशावर चालणाऱ्या संस्थेला ते झेपणं अवघडच होतं.

मग विद्यापीठात

अमेरिकन युनिव्हर्सिटी वॉशिंग्टनच्या वायव्य भागात आहे, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाशी जोडलेली. तिथे पीटर कुझनिक इतिहास शिकवत होते आणि जपानहून आलेली अकिको नाओनो ही विद्यार्थिनी शिकत होती. तिचे आजोबा हिरोशिमाच्या बॉम्बने गेलेले. स्मिथसोनियनने हात झटकले तेव्हा या दोघांच्या पुढाकारातून विद्यापीठाची न्यूक्लियर स्टडीज इन्स्टिट्यूट उभी राहिली, जपानी शहरांशी बोलणी झाली, आणि जुलै १९९५ चं प्रदर्शन लागलं. नाओनो पुढे जपानमध्ये समाजशास्त्राच्या अभ्यासक झाल्या. हिबाकुशांची स्मृती हाच त्यांच्या संशोधनाचा विषय राहिला.

या विद्यापीठाच्या जमिनीलाही शस्त्रांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने याच आवारात विषारी वायूंचं संशोधन केंद्र चालवलं होतं. जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या स्प्रिंग व्हॅली वस्तीत खणताना त्या काळात पुरलेले तोफगोळे सापडले आणि रहिवाशांना घरं सोडून जावं लागलं. म्हणजे अणुबॉम्बच्या प्रदर्शनाच्या दोनच वर्षं आधी. त्याच आवारात १० जून १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी सोव्हिएत संघाशी अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटी करण्याचं जाहीर केलं होतं. विद्यापीठाच्या कौतुकात केनेडींचं भाषण हटकून येतं, तोफगोळे क्वचित. शांततेचा अभ्यासक्रम मला तोफगोळ्यांपासून सुरू करायला आवडला असता.

विद्यापीठ खासगी होतं, त्यामुळे काँग्रेसला त्याची गचांडी धरता येत नव्हती. पण फरक पैशापुरता नव्हता. संग्रहालयाच्या भिंतीवर एकच मजकूर लावता येतो आणि तो देशाचा मजकूर मानला जातो. वर्गात स्टिम्सनचे दहा लाख आणि लेहींच्या रोजनिशीतले ६३,००० हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहून पोरांना दोन तास भांडू देता येतं. स्मिथसोनियनमध्ये ज्या आकड्याने संचालकाची नोकरी खाल्ली, तो वर्गात चर्चेचा उत्तम विषय ठरतो.

क्योतोहून सुरुवात

विद्यार्थ्यांचा प्रवास क्योतो, हिरोशिमा, नागासाकी असा ठरलेला. जपानमधली भागीदार संस्था क्योतोची रित्सुमेइकान युनिव्हर्सिटी. तिथले विद्यार्थीही सोबत असतात. वरवर ही सोय वाटेल, पण क्योतोला स्वतःचा संदर्भ आहे. मे १९४५ मध्ये अमेरिकी लक्ष्य-समितीच्या यादीत क्योतो सगळ्यात वर होतं, हिरोशिमाच्या बरोबरीने. स्टिम्सन यांनी हट्टाने ते नाव खोडायला लावलं. नागासाकी यादीत आलं ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. ९ ऑगस्टलाही पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे खालचं काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. 'निर्णय' हा शब्द आपण किती सहज वापरतो, हे या तीन शहरांच्या क्रमातच कळतं.

क्योतोचं दुसरं महत्त्व म्हणजे रित्सुमेइकानने १९९२ मध्ये उघडलेलं जागतिक शांततेचं संग्रहालय. विद्यापीठाने चालवलेलं असं संग्रहालय तेव्हा जगात दुसरं नव्हतं. तिथे जपानने आशियात काय केलं ते मांडलेलं आहे : चीनवरचं आक्रमण, वसाहती, सक्तीची मजुरी. आपल्याला हे युद्ध फार दूरचं वाटायचं कारण नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, ते याच युद्धातल्या जखमींची सेवा करताना. क्योतोत हे सगळं पाहून विद्यार्थी हिरोशिमाला पोहोचतो, तेव्हा जपान हा निव्वळ बळी आहे ही समजूत त्याला सोबत नेता येत नाही. आणि हिरोशिमात उतरल्यावर, जपानने जे केलं त्याची ही शिक्षाच होती, हेही म्हणवत नाही. तिथे १९४५ च्या अखेरपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसं मेली. त्यांत शहरात आगप्रतिबंधक मोकळ्या पट्ट्या करायला लावलेली, घरं पाडायच्या कामावरची हजारो शाळकरी मुलं होती.

हिरोशिमाच्या शांतता उद्यानात कोरियन मृतांचं स्मारक आहे. जपानच्या राज्यात असलेल्या, अनेकदा सक्तीने कामाला आणलेल्या कोरियनांपैकी तिथे मेलेल्यांचा आकडा २०,००० च्या घरात सांगितला जातो. हे स्मारक १९७० मध्ये उभारलं गेलं ते उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. आत आलं १९९९ मध्ये. अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या पहिल्या काही तुकड्यांना ते पाहायला पूल ओलांडावा लागत होता. बळींमध्येही आतले आणि बाहेरचे असतात हे सांगायला वेगळ्या व्याख्यानाची गरज नव्हती, तो पूल पुरेसा होता. स्मारक आत आलं हे योग्यच झालं, पण शिकवणाऱ्याच्या हातून एक धडा गेला, असं म्हटलं तर फार वावगं होऊ नये.

कोको कोंदो

या अभ्यासक्रमाशी सगळ्यात जवळून जोडलेलं नाव म्हणजे कोको कोंदो, पूर्वाश्रमीच्या तानिमोतो. त्या याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी, आणि अनेक वर्षं त्या तुकड्यांबरोबर फिरल्या. वडील कियोशी तानिमोतो हिरोशिमातले मेथडिस्ट पाद्री, अमेरिकेत एमरी विद्यापीठात शिकलेले. ऑगस्ट १९४६ मध्ये न्यूयॉर्कर या अमेरिकी साप्ताहिकाने एक अख्खा अंक हिरोशिमातल्या सहा जणांच्या हकिकतीला दिला होता, त्या सहांपैकी ते एक.

६ ऑगस्टला कोको आठ महिन्यांच्या होत्या, आईच्या कडेवर, स्फोटकेंद्रापासून साधारण किलोमीटरभर अंतरावर. घर अंगावर कोसळलं. आईने ढिगाऱ्यात हाताने भोक पाडून आधी बाळाला बाहेर सारलं आणि मग स्वतः निघाली. हे सगळं कोकोंना मोठं झाल्यावर कळलं. त्या सकाळचं त्यांना स्वतःला काहीही आठवत नाही, आणि माझ्या मते त्यांच्या साक्षीचं मोल तिथेच आहे. हिबाकुशांकडून आपण बॉम्ब पडला त्या ८ वाजून १५ मिनिटांची अपेक्षा करतो : झोत, आगीचा लोळ, पाण्यासाठी टाहो. कोको सांगतात ते त्यानंतरच्या आयुष्याबद्दल.

वडिलांच्या चर्चमध्ये भाजलेल्या चेहऱ्यांच्या तरुण मुली यायच्या. लहानग्या कोकोचे केस विंचरणाऱ्या त्या ताईंची बोटं एकमेकांना चिकटलेली असायची. हे ज्यांनी केलं त्यांना शोधून काढायचं आणि ठोसा मारायचा, असं त्या मुलीने मनाशी पक्कं केलं. संधी आलीही. मे १९५५ मध्ये तानिमोतो भाजलेल्या २५ तरुणींना प्लॅस्टिक सर्जरीसाठी अमेरिकेत घेऊन गेले होते. त्यांना न सांगता एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात बसवण्यात आलं. एकेक जुना ओळखीचा माणूस पडद्यामागून येऊन त्यांच्या आयुष्याची कहाणी सांगणार, असा तो प्रकार. बायको-मुलांना गुपचूप जपानहून आणलेलं. पाहुण्यांपैकी एक होता रॉबर्ट लुईस, एनोला गेचा सहवैमानिक. मधूनमधून प्रायोजकाच्या नेलपॉलिशची जाहिरात. दोन भाजलेल्या तरुणींना पडद्याआड बसवून त्यांच्या फक्त सावल्या दाखवल्या. आजच्या रिअ‍ॅलिटी शोंना नावं ठेवणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

दहा वर्षांची कोको लुईसकडे डोळे वटारून बघत होती. तो सांगत होता की वरून पाहिलं तेव्हा शहर दिसेनासं झालं होतं, आणि आपण नोंदवहीत लिहिलं, देवा, आपण हे काय केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं. कोकोंच्या सांगण्याप्रमाणे त्या क्षणी तिला वाटलं की द्वेष करायचाच तर या माणसाचा नको, युद्धाचा करावा. ती सरकत सरकत त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या हाताला हात लावला.

वर्गात हा प्रसंग किती उतरत असेल, याची कल्पना येते. अमेरिकन विद्यार्थ्याला या गोष्टीत स्वतःसाठी जागा सापडते, आणि मला धास्ती वाटते ती त्याचीच. रडणारा वैमानिक, हात पुढे करणारी मुलगी, झालं, मिटलं. ज्याने काहीच केलेलं नाही त्या विशीतल्या मुलाला फुकटची माफी मिळते, आणि ज्यांनी यादीतली शहरं निवडली त्यांच्याबद्दल विचारायचं राहून जातं.

कोकोंच्या बोलण्यातच याला उतारा आहे, तो मात्र कमी वेळा उद्धृत होतो. अमेरिकेने १९४७ मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बच्या परिणामांचा अभ्यास करणारा आयोग बसवला. तिथे तपासणी व्हायची, उपचार नाही, अशी हिबाकुशांची कायमची तक्रार. कोको लहानपणापासून नियमाने तिथे जायच्या. किशोरवयात एकदा त्यांना अंगावर जेमतेम एक फडकं ठेवून, झगझगीत दिव्यांखाली, डॉक्टरांनी भरलेल्या सभागृहाच्या व्यासपीठावर उभं केलं गेलं. दिव्यांमुळे समोरचे चेहरे दिसत नव्हते, नुसते परक्या भाषांतले आवाज. ही गोष्ट त्यांनी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. पुढे अमेरिकेत शिकत असताना ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना किरणोत्साराची भीती. १९४५ संपून वीसेक वर्षं झाली होती. त्या सभागृहातल्या डॉक्टरांपैकी कुणी रडल्याची नोंद नाही, आणि माफ करायला समोर चेहराच नाही. लुईसची गोष्ट सांगून झाल्यावर ही ऐकवली जाते की नाही, यावर मी अशा कुठल्याही अभ्यासक्रमाचं मोजमाप करेन.

खटकतं ते

कुझनिक तटस्थ नाहीत. बॉम्ब टाकायची लष्करी गरज नव्हती, शरणागतीला सोव्हिएत संघाच्या युद्धप्रवेशाने जास्त हातभार लावला, हे मत ते वर्गात आणि बाहेर उघडपणे मांडतात. लेही आणि आयझेनहॉवर यांच्यासारख्या अमेरिकेच्याच सेनानींनी नंतर या हल्ल्याबद्दल नापसंती दाखवली, हा त्यांचा आवडता दाखला. याला प्रचार म्हणणारे आहेत. मला ती तक्रार अर्धीच पटते. शिक्षकाचं मत माहीत असलं की विद्यार्थ्याला त्याच्याशी भांडता तरी येतं. मतच नसल्याचं सोंग आणणारा मास्तर जास्त घातक. पण एक मात्र खरं की आठवडाभर हिबाकुशांच्या सहवासात काढलेल्या विद्यार्थ्याला 'तरीही बॉम्ब टाकणं योग्य होतं' हे तोंडाने म्हणणं जड जातं, आणि ते जड जाणं म्हणजे मत पटणं नव्हे. म्हणून कागदपत्रांवरचा वाद वॉशिंग्टनमध्ये, साक्ष ऐकण्याआधी, भरपूर व्हायला हवा.

दुसरी गोष्ट आवाक्याची. स्मिथसोनियनमधलं ते चिरफाड झालेलं प्रदर्शन १९९८ पर्यंत चाललं आणि जवळजवळ ४० लाख लोकांनी पाहिलं. विद्यापीठाच्या तुकडीत एका वर्गात मावतील एवढी मुलं. हिशेब मांडला तर संग्रहालयातला पराभव वर्गातल्या यशाने भरून निघत नाही, हे सरळ कबूल करावं लागतं. डिसेंबर २००३ मध्ये जोडून पूर्ण झालेलं अख्खं विमान डलेस विमानतळाजवळच्या नव्या इमारतीत मांडलं गेलं, तेव्हाही माहितीफलकावर पंखांची लांबी वगैरे होती, मेलेल्यांचा आकडा नव्हता. कुझनिक यांनी इतिहासकारांच्या सह्या गोळा केल्या, जपानहून हिबाकुशांचा गट आला, विमानाजवळ निदर्शनं झाली, कुणीतरी लाल रंग फेकला. फलक बदलला नाही. (त्या विमानाच्या नावाचं नशीबच विचित्र. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने 'विविधता'विषयक मजकूर काढायला घेतला, तेव्हा काढायच्या फोटोंच्या यादीत एनोला गेही होतं. बहुधा नावातल्या 'गे'मुळे.)

आपल्याकडे हा प्रश्न अजून या टप्प्यावरही आलेला नाही. १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्या पाठ्यपुस्तकात असतात, हिरोशिमाही दोन ओळींत असतं, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध लागत नाही. विद्यापीठात अण्वस्त्रांचा विषय येतो तो बहुधा संरक्षण व सामरिकशास्त्राच्या वाटेने. पुण्यात तर त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्या वाटेत काही गैर नाही. स्टिम्सन-लेहींच्या आकड्यांचा काथ्याकूट करायला त्या विद्यार्थ्यांइतके तयार विद्यार्थी दुसरे मिळणार नाहीत. त्यांच्यासमोर डबाही ठेवायला हवा, एवढंच.

आता माणसंच कमी होत चालली

२०१५ मध्ये, ७० व्या वर्षी, अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या कलासंग्रहालयात पुन्हा हिरोशिमा-नागासाकीचं प्रदर्शन लागलं. यावेळी इरी आणि तोशी मारुकी या दांपत्याने रंगवलेल्या भव्य पटांपैकी सहा सोबत होते. मारुकींनी एक पट हिरोशिमात मेलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांवर रंगवला आहे आणि एक कोरियनांवर. १९९५ च्या मानाने वातावरण शांत होतं. त्याचं मोठं कारण असं की वीस वर्षांत विरोध करणारे माजी सैनिकही फारसे उरले नव्हते. वाद विझला तो पटल्यामुळे नाही, वयामुळे.

तोच काळ हिबाकुशांनाही गाठतो आहे. निहोन हिदानक्यो या त्यांच्या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. मार्च २०२५ अखेर जपानमध्ये नोंद असलेल्या हिबाकुशांची संख्या ९९,१३० होती, पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली, आणि सरासरी वय ८६ च्या वर. हिरोशिमा महापालिका २०१२ पासून वारस-वक्ते तयार करते आहे. एका हिबाकुशाची हकिकत शिकून घ्यायची आणि त्याच्या वतीने सांगायची.

अशा ऐकीव साक्षीवर अभ्यासक्रम उभा राहील का, अशी शंका घेतली जाते. कोको कोंदोंकडे पाहिलं तर ६ ऑगस्टच्या सकाळपुरतं उत्तर मिळालेलंच आहे. त्यांनीही ती सकाळ आई-वडिलांकडून ऐकली आणि पुढे सांगितली, आणि त्यावर वर्षानुवर्षं वर्ग भरला. वारसाला जमणार नाही ते वेगळंच आहे : त्या व्यासपीठावर किती वेळ उभं केलं होतं, घरी येऊन आईला का सांगितलं नाही, लग्न मोडल्यावर पुन्हा त्या आयोगाकडे तपासणीला गेलात का, असा न ठरवलेला प्रश्न आला तर त्याला उत्तर देता येणार नाही. कोकोंसारखे बॉम्बच्या वेळी तान्हे असलेले हिबाकुशाही आज ऐंशीच्या घरात आहेत. स्फोटाच्या साक्षी भरपूर नोंदवून झाल्या आहेत. तपासणीच्या खोल्या, मोडलेली लग्नं, नोकरीच्या अर्जात लपवलेला जन्मगाव यांच्याबद्दल विद्यार्थ्यांनी उलटसुलट प्रश्न विचारून उत्तरं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काम अजून करण्यासारखं आहे. ते महापालिकेपेक्षा विद्यापीठांना चांगलं जमेल, आणि त्यासाठी हाताशी पाच-सातच वर्षं आहेत.